कोरड्या हाताला स्नो

माझ्या चेहऱ्याला तेल सुटतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं प्रकरण त्या तेलावरूनच घसरलं, म्हणून आधीच सांगून टाकतो. कचेरीत नवा नवा लागलो होतो तेव्हा सकाळी साबणाने तोंड खसाखसा धुऊन डोंबिवलीहून निघायचो, आणि ठाण्याला उतरेपर्यंत माझं नाक असं चकाकायचं की शेजारच्या टेबलावरचे बुजुर्ग कारकून त्यात बघून टोपी सारखी करतात असा मला संशय होता. त्यांनी तसं कधी केलं नाही. पण मला संशय यायला समोरच्याने काही करावं लागत नसे.

दुधाचा पहिला थेंब मी नखावर घेऊन बघायचो. वांगी घेताना कानाशी नेऊन हलवायचो. वांग्यात काय वाजणार होतं, ते आजही सांगता येणार नाही. देवळात हातावर प्रसाद पडला की आधी वास, मग तोंडात. आई म्हणायची, "बारशाला ह्याच्या कानात कुडकं घातलं, तेव्हा ह्याने पाळण्यातून सोनाराकडे बघितलं असणार."

अशा माणसाने आयुष्यात एकाच वस्तूवर आंधळा विश्वास टाकला. ती म्हणजे स्नो. काचेची बुटकी बाटली, पत्र्याचं झाकण, आत पांढराशुभ्र, गार, वासाचा मऊ गोळा. बोटाने चेहऱ्यावर चोळला की दिसेनासा व्हायचा आणि नाक दुपारपर्यंत शहाण्यासारखं वागायचं. जे माझ्या नाकाला चालतं ते सगळ्या जगाला चालावं, असं मी ठरवून टाकलं. कातडी तेलकट असते, कोरडी असते, अधलीमधली असते आणि जिचं तिचं औषध निराळं, हे आता माझी नात मॉइश्चरायझरच्या डबीवर बारीक अक्षरांत वाचते आणि मगच डबी घेते. मला ते कळायला बहिणीची सोयरीक मोडायची वेळ यावी लागली.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. डोंबिवलीला चाळीत दोन खोल्या, त्यांत आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी बहीण. घरचा कर्ता मी, म्हणजे वय वर्षं चोवीस आणि अक्कल त्याहून बरीच धाकटी. दिवाळीनंतर कल्याणचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे त्याला आत्याने वाढवलेलं. ह्या आत्याबाईंचं सासर भावाच्या घरासमोरच होतं आणि मधला रस्ता ओलांडून त्या दोन्ही घरच्या चुली चालवत.

बघायला आले त्या दिवशी बहिणीने पोहे केले. आत्याबाईंचा उपास होता. मी पोह्यांना हात लावला नाही, कारण मी मुलाकडे बघत होतो. मुलाने बशी संपवली आणि म्हणाला, "आणखी थोडे चालतील."

मंडळी गेल्यावर बहिणीने उरलेले पोहे तोंडात टाकले आणि ओरडली, "अगं आई, मीठच नाही गं ह्यात!"

"मग त्याने दोनदा कसे खाल्ले?" आई म्हणाली.

बहीण कोपऱ्यात गेली. मेथी निवडायला बसली आणि निवडता निवडता एकटीच हसली. मला हाच हवा, असं मुलीने तोंडाने म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. पण पुढचे चार दिवस आमच्या घरात प्रत्येक आमटीत मीठ दोनदा पडलं, त्यावरून समजायचं ते समजलं. मला मात्र त्या मुलाचाच संशय आला. अळणी पोहे खाऊन जो गप्प बसतो, त्याला एक तर जीभ नाही, नाहीतर काहीतरी लपवायचं आहे!

आठ दिवसांत पसंती आली. साखरपुडा संक्रांतीनंतर करायचा ठरला.

आणि थंडी पडली. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, थोड्या चाळी आणि मग शेतंच शेतं. कापणी झालेल्या रानावरून वारा सरळ आमच्या गॅलरीत यायचा. बहिणीची कातडी मुळात कोरडी. लहानपणी थंडीत तिच्या हातावर नखाने रेघ ओढली की पाटीवर खडूने ओढल्यासारखी पांढरी उमटायची. आम्ही तिच्या हातावर फुल्ली-गोळा खेळायचो, आणि हरलो की मी थुंकी लावून डाव पुसायचो. आई दर थंडीत खोबरेल कोमट करून तिच्या हातापायांना आणि गालांना चोळायची, कधी दुधावरची साय लावायची, आणि डाव बंद पडायचा.

त्या वर्षी मी खोबरेलाची बाटली उचलून उजेडात धरली. तेल गोठलेलं होतं. खोबरेल थंडीत गोठतं हे मला ठाऊक होतं, पण इतकं? इतकं पांढरं? तेव्हा जिकडेतिकडे वनस्पती तुपाच्या भेसळीची बोलणी चालायची. मी जाहीर केलं, "ह्यात वनस्पती आहे."

"अरे, घाण्यावरून समोर काढून आणलंय मी," आई म्हणाली.

"समोर काढलं, पण आधी घाण्यात काय होतं, ते पाहिलंस?"

शिवाय तेलाने रंग काळवंडतो, धूळ बसते, वास येतो, आणि कल्याणची मंडळी म्हणजे शहरातली! साखरपुड्याला मुलगी खोबऱ्याच्या वासाची असून चालणार नाही. मी बाटली फळीवर मागे सारली, सायीला बंदी केली आणि स्नो आणायला गेलो. डोंबिवलीच्या दुकानदारावर माझा विश्वास नव्हता. रिकाम्या बाटल्यांत हे लोक काय भरतील सांगता येत नाही. म्हणून कल्याणच्या बाजारात कटलरीच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या दुकानदारावरही नव्हता, पण तिथे बाटल्या जास्त होत्या.

"कुणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? तोंडासाठी."

"ते कळलं. कुणाच्या तोंडासाठी?"

"बहिणीच्या."

"कातडी कशी आहे बाईंची? थंडीत फुटते का?"

माझे कान टवकारले. सोयरीक व्हायच्या गावात, भर बाजारात, माझ्या बहिणीच्या कातडीची चौकशी! हा आत्याबाईंचा माणूस तर नसेल? मी ठोकून दिलं, "अजिबात नाही. कातडी उत्तम आहे."

"तरी थंडीचे दिवस आहेत. हे बघा, कोल्ड क्रीम." त्याने वरच्या फळीवरून एक बाटली काढली. "जरा तुपकट लागतं, पण कोरड्या कातडीला ह्याच्यासारखं..."

बाटली महाग होती. शिवाय झाकणावर धूळ होती. झालं! खपत नाही तो माल माझ्या गळ्यात मारतोय, हे मी जागच्या जागी ओळखलं.

"स्नोच द्या. दोन बाटल्या."

"साहेब, स्नोने आणखी कोरडं पडतं. तो तुमच्यासारख्यांना बरा."

"तुमच्यासारख्यांना म्हणजे?"

त्याने माझ्या नाकाकडे बघितलं आणि मुकाट्याने दोन बाटल्या बांधून दिल्या.

घरी आल्यावर मी स्नोची परीक्षा घेतली. कागदावर थापून उन्हात धरला, तुपाचा डाग पडतो का बघायला. पडला नाही. मुंग्यांच्या रांगेत एक ठिपका ठेवला. मुंग्या वळसा घालून गेल्या. "बघ," मी आईला म्हटलं, "चरबी असती तर चढल्या असत्या."

"मुंग्यांना कळलं," आई म्हणाली, "तुला कधी कळतंय बघायचं."

दिवसातून तीनदा साबणाने तोंड-हात धुवायचे आणि वर स्नो, असा मी नेम घालून दिला. तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, तोंड ओढल्यासारखं होतंय रे. हसले की गाल चुरचुरतात."

"तोच त्याचा गुण."

"गुण नको वाटतोय मला. तेल लावू दे ना थोडं."

"साखरपुडा होईपर्यंत दम धर. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

आठवड्यात तिच्या दोन्ही गालांवर आणि कोपरापासून मनगटापर्यंत पांढुरके पापुद्रे धरले. पापुद्रा झडला की खाली रुपयाएवढा फिकट चट्टा. मी बघितलं आणि कारण शोधून काढलं. मात्रा कमी पडतेय! तीनदाचं चारदा केलं.

संक्रांतीला सहा दिवस होते. रविवारी सकाळी आत्याबाई न कळवता दारात. "सहज आले," म्हणाल्या. सहज येणाऱ्या माणसावर मी एरवी फार लक्ष ठेवतो. पण त्यांच्या हातात सोन्याची पाटली होती. "सुनेला पाटल्या करायला टाकायच्यात. हाताचं माप घेऊन जाते." आई हरखली. मीही हरखलो.

आत्याबाईंनी बहिणीला खिडकीशी उजेडात बसवलं, तिचा हात मांडीवर घेतला आणि पाटली बोटांवरून वर सरकवायला लागल्या. पाटली चढता चढता तिच्याखालून बारीक पांढरा भुसा त्यांच्या निऱ्यांवर पडला. आत्याबाई थांबल्या. पदराचं टोक ओलं करून त्यांनी मनगट पुसलं. भुसा गेला, चट्टा राहिला. मग त्यांनी बहिणीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. एक गाल, मग दुसरा.

"हे कधीपासून?"

"थंडीचं आहे हो," आई घाईने म्हणाली. "दरवर्षी होतं."

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण मुलीची कातडी दरवर्षी उलते हे मुलाकडच्यांना कळू द्यायचं म्हणजे काय? मी पुढे सरसावलो.

"छे छे, थंडीचं कसलं! थंडीचा तिला मुळीच त्रास नाही. कातडी उत्तम आहे."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "थंडीचं नाही?"

"मुळीच नाही."

"मग कशाचं?"

आईने डोळे मिटून घेतले. आत्याबाईंनी पाटली काढून रुमालात बांधली. चहा तसाच ठेवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. पाकीट नव्हे, उघडं कार्ड. 'मुलीच्या अंगाला काही असावे असे दिसले. तरी साखरपुड्याची घाई नको. पुढे कळवू.' पोस्टमनने कार्ड हातात देताना विचारलं, "म्हणजे आता नक्की कधी?"

संध्याकाळपर्यंत चाळीला पाठ होतं. कोड हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका बहिणीला आधी पाणी भरू द्यायला लागल्या. एरवी नंबरासाठी ज्या एकमेकींच्या झिंज्या धरत, त्या बाजूला सरकून म्हणाल्या, "भर गं, तू भर." तिचा धक्का लागू नये म्हणून. बहीण भरलेला हंडा घेऊन आली, खाली ठेवला आणि आईला म्हणाली, "उद्यापासून पाण्याला तू जा." मग मला म्हणाली, "दादा, तू त्यांना थंडीचं नाही असं का सांगितलंस?"

सोयरीक मोडली तर ती एकट्या कल्याणची मोडणार नव्हती. कल्याणहून नकार का आला, हे पुढच्या प्रत्येक स्थळाला कळणार होतं.

चूक सुधारायची माझी पद्धत त्याहून मोठी चूक करण्याची आहे. ठाण्याला कचेरीत कामासाठी येणारे एक डॉक्टर ओळखीचे होते. बहिणीला दवाखान्यात न्यायला मी भ्यालो. तिथे कल्याणचं कुणी बघितलं तर? म्हणून मी तोंडीच हकिकत सांगितली, गळ घातली, आणि डॉक्टरांनी कंटाळून चिठ्ठी लिहून दिली: सदर मुलीस कोड नाही. संक्रांतीच्या दिवशी चिठ्ठी खिशात आणि तिळगूळ डब्यात घेऊन मी कल्याण गाठलं.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर कासार. खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा सतरंजीवर मांडून तो शेजारणीचा हात दाबत होता. ह्या म्हाताऱ्याला मी ओळखत होतो. डोंबिवलीलाही यायचा, आमच्या चाळीतही. घराघरांत जाऊन बायांचे हात धरणारा माणूस म्हणून मी त्याच्यावर पूर्वीपासून नजर ठेवून होतो. मी चिठ्ठी पुढे केली. आत्याबाईंनी ती लांब धरून वाचली.

"तुम्ही कुठे काम करता म्हणालात?"

"ठाण्याला. कचेरीत."

"हं. तिथे कागदाला काय तोटा?"

"आत्याबाई, डॉक्टरांच्या हातचं आहे!"

"डॉक्टरांनी मुलीचा हात बघितला?"

मी तिळगुळाच्या डब्याचं झाकण घट्ट करत बसलो.

"बघितला की नाही?"

"हकिकत... ऐकली."

आत्याबाईंनी चिठ्ठीची व्यवस्थित घडी करून माझ्या डब्यावर ठेवली. शेजारीण पदराआड खुदखुदली. तेवढ्यात कासार बांगडीवरची नजर न काढता म्हणाला, "कुणाचा हात म्हणता? डोंबिवलीच्या त्या मुलीचा? दिवाळीत मी भरल्यात तिला. डझन डझन. त्या हातावर डाग नव्हता."

"आता आहे," आत्याबाई म्हणाल्या.

कासाराने मान वर केली आणि मला विचारलं, "दादा, काय लावता तिला?"

"स्नो," मी अभिमानाने म्हटलं. सवयीचा अभिमान, चटकन जात नाही.

"आणि तेल?"

"बंद केलंय."

म्हाताऱ्याने शेजारणीचा हात सोडून कपाळाला हात लावला. "अहो, सुक्या बोंबलाला आणखी ऊन दाखवलंत की!"

मग तो आत्याबाईंकडे वळला. "चाळीस वर्षं हात दाबतोय मी. हात बघितला की कळतं. एक हात तेलाचा. त्याला तेल लावलं तर माझ्या मुठीतून निसटतो आणि बांगडी फुटते. एक घामाचा, त्याला नुसता फडक्याने टिपायचा. आणि एक लाकडाचा. तेल पाजल्याशिवाय त्यात बांगडी चढायची नाही. मुलीचा हात लाकडाचा आहे. आठ दिवस खोबरेल पाजा. थंडीचं असेल तर जाईल, दुसरं काही असेल तर राहील. उगाच कागद कशाला नाचवायचे?"

"तुला काय, तू त्यांच्याही घरी बांगड्या विकतोस," आत्याबाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, वा! हा संशय मला कसा नाही सुचला?

कासार हसला. "आत्याबाई, तुमचा हात कुठला आहे ते सांगू का चारचौघांत? तुमच्या लग्नात चुडा मी भरला. तुमच्या आईने वाटीभर तेल ओतलं होतं तेव्हा कुठे..."

आत्याबाईंनी हात पदराखाली घेतले. पण घेण्याआधी मला दिसले. बोटांच्या पेरांवर तीच पांढरी रेघ.

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आठ दिवस. पण तेल माझं. लावणार मी. मधे तुम्ही हात लावायचा नाही."

"तेल आमच्याकडे आहे, आत्याबाई..."

"तुमचं कसलं, ते मला काय ठाऊक? माझं गोठतं. दगडासारखं गोठतं. गोठत नाही ते खोबरेल खरं नव्हे."

फळीवर मागे सारलेली आईची बाटली मला आठवली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई रोज दुपारच्या गाडीने यायच्या. पिशवीत त्यांची बाटली, मेणाने बूच बंद केलेली, आणि त्यांचाच टॉवेल. आल्या की आधी ओल्या फडक्याने बहिणीचे गाल आणि हात पुसायच्या, आम्ही वरून काही फासलंय का बघायला. मग बाटली उन्हात ठेवायची, तेल पातळ झालं की तळहातावर घेऊन चोळायचं, अर्धी घटका चोळायचं. आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. हे सगळं मला आई सांगायची. जाताना त्या बाटलीवर बोटाने तेलाची पातळी मोजून खूण करतात, हेही तिनेच सांगितलं. अशा बाईविषयी मला मनातून आदरच वाटायला लागला.

पण चार दिवस झाले तरी चट्टे होतेच. पापुद्रे गेले होते, फिकट डाग तसेच. आता सांगायची गोष्ट अशी आहे की जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. मलाच संशय आला. खरंच असेल तर? आत्याबाईंना खोटं ठरवायला निघालेला मी, पाचव्या दिवशी कचेरीतलं नकाशे बघायचं भिंग खिशात घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण गॅलरीत उन्हात वाचत बसली होती, हात कठड्यावर. मी मागून गेलो आणि तिच्या कोपरावर भिंग धरलं.

भिंगातून उन्हाचा ठिपका पडला आणि तिला चटका बसला. तिने वळून बघितलं. मी भिंग मागे लपवलं. लपवून काय उपयोग होता?

"दादा, तूसुद्धा?"

"अगं, मी आपला सहज..."

"आत्या सहज आल्या होत्या, तसाच ना?" तिने पुस्तक मिटलं. "त्या परक्या आहेत. त्यांनी बघावं. पण समजा, असलंच. मग काय करशील? जेवायला वेगळी बसवशील मला? तुझे कपडे धुवायचे नाहीत का मी?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं ते सांग."

मी दुधावर संशय घेतला होता, वांग्यांवर, तेलावर, दुकानदारावर, कासारावर. ह्यातल्या कुणी माझ्याकडे चटका बसल्यासारखं बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी स्नोची उरलेली बाटली मोरीत रिकामी केली. ती कुठल्याही औषधाला उपयोगी पडली नाही, फक्त मोरी चार दिवस गुलाबाच्या वासाने घमघमली आणि शेजाऱ्यांनी विचारलं, "काय हो, साखरपुडा झाला की काय?"

आठव्या दिवशी, रविवारी, आत्याबाईंबरोबर मुलगाही आला. मी दारातच त्याला न्याहाळलं. नकार सांगायला स्वतः आलाय की काय? आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे बहिणीला खिडकीशी बसवलं. फडकं फिरवलं. हात उजेडात उलटसुलट केला. मनगट, कोपर, गाल. मग नखाने तिच्या हातावर एक रेघ ओढली. आम्ही सगळे त्या रेघेकडे बघत होतो. ती उमटली नाही. तेलावर नख नुसतं सरकलं.

आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून पाटली काढली आणि चढवली. सरळ गेली. काढून न घेता त्या आईला म्हणाल्या, "पाणी आणा बघू. आठ दिवस घसा कोरडा पडलाय माझा."

आई आत पळाली. मी मोठ्या मनाने हसायच्या बेतात होतो, तेवढ्यात बहीण मान वर करून सरळ मुलाला म्हणाली, "आणि गेलं नसतं तर?"

तेव्हा मुली असं विचारत नसत. मुलाने शर्टाची बाही दुमडून कोपर खाजवलं. तेही पांढरंफटक होतं, आत्याच्या तेलाला तिथवर सवड झाली नसावी.

"गेलं नसतं तर," तो म्हणाला, "आत्याशी भांडायला आठ दिवस पुरले नसते. वर्ष गेलं असतं."

"भांडला असता का?"

"आठही दिवस भांडतोच आहे. विचारा आत्याला."

"भांडतोय कसला! जेवत नव्हता," आत्याबाई म्हणाल्या.

"अळणी चालतं, पण असलं चालत नाही," तो म्हणाला. बहिणीने मान खाली घातली, पण हसू तिला खाली घालता आलं नाही.

मग तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आत्या संशयी आहे हो. पण ठाण्याची चिठ्ठी वाचल्यापासून म्हणते, तुमच्यापुढे ती काहीच नाही."

साखरपुडा त्याच महिन्यात झाला. त्या सकाळी कासार बांगड्या भरायला आला तेव्हा मी आपणहून त्याच्यापुढे हात धरला. "बघा, माझा कुठला?" त्याने हात दाबला, सोडला आणि आपली बोटं धोतराला पुसली. तेवढं उत्तर पुरे होतं.

पाहुण्यांना पोहे होते. बहिणीने स्वतः केलेले, स्वतः वाढलेले. मुलाकडचे सगळे वाहवा करत होते, आत्याबाईंनी तर दुसऱ्यांदा मागून घेतले. मी माझ्या बशीतला पहिला घास घेतला. मीठ नव्हतं. शेजारच्या बशीकडे बघितलं, शेजारी मजेत खात होता. समोर दारात बहीण उभी होती, हातात नव्या बांगड्या, गाल तेलाने चमकत, आणि ती माझ्याच बशीकडे बघत होती.

ह्या वेळी संशय घ्यायला जागाच नव्हती. मी एक शब्द न बोलता बशी संपवली. आणखी मागितले मात्र नाहीत. तेवढा मोठेपणा त्या मास्तरातच होता.